शेंड्याची सत्ता आणि सुतळीची जाळी

चार लाकडी पट्ट्या, थोडे हुक आणि तीस-एक मीटर सुतळी. कॅनडातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या या सामानातून घरातल्या घरात एक जाळी विणता येते. तिच्याखाली वाढणारं गांजाचं झाड मग आपला मूळचा आकारच सोडून देतं. एरवी ते शंकूच्या आकारात वर चढलं असतं आणि त्याच्या टोकाला एक मोठा तुरा आला असता. जाळीत ते आडवं पसरतं आणि एकाच उंचीवर डझनावारी तुरे उभे राहतात. बी तेच, माती तीच, पाणीही तेच. बदलते ती फक्त शेंड्याची दिशा. एवढ्याशा बदलानं झाडात काय काय घडतं हे समजून घेताना मी पुन्हा पुन्हा थक्क होतो.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर आहे आणि राष्ट्रीय कायद्यानं एका घरात चार झाडं लावायची मुभा दिली आहे. क्वेबेक प्रांतानं घरगुती लागवडीला बंदी घातली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी वैध ठरवली. ज्या प्रांतांत मुभा आहे, तिथे मर्यादा झाडांच्या संख्येवर आहे. कायदा झाडं मोजतो, फांद्या मोजत नाही. त्यामुळे प्रत्येक झाड जास्तीत जास्त पसरवण्याकडे तिथल्या लोकांचं लक्ष गेलं. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजाचं एक रोपही परवान्याशिवाय लावणं गुन्हा ठरतं, म्हणून हा प्रयोग जिथे चालतो तिथेच ठेवून पाहू. त्यातलं विज्ञान मात्र आपल्या शेतातही रोज चालू असतं.

आधी प्रश्न असा, की मोकळ्यावर छान वाढणाऱ्या झाडाला घरात जाळी का लागते? उत्तर अंतरात आहे. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. झाडाचा शेंडा आणि बुंधा यांच्यातला दीड-दोन मीटरचा फरक त्याच्या हिशेबात शून्यच. घरातला दिवा मात्र शेंड्यापासून हातभर अंतरावर असतो. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. पसरट एलईडी पॅनेलखाली ही घट इतकी तीव्र नसते, तरी वरची पानं करपतील इतका उजेड आणि खालच्या फांद्या उपाशी राहतील इतका अंधार एकाच झाडावर नांदू शकतो. उपाय एकच उरतो: सगळ्या फांद्या दिव्यापासून सारख्याच अंतरावर आणायच्या.

ते काम जाळी करते. ९० सेंटीमीटर लांबी-रुंदीची चौकट घ्यायची. प्रत्येक बाजूला दर पाच सेंटीमीटरवर एक हुक म्हणजे बाजूला १७ हुक. उभे १७ आणि आडवे १७ धागे ताणले की ३२४ चौकोन तयार होतात आणि दोर लागतो जेमतेम ३१ मीटर. गाठींसाठी थोडा वेगळा. आडवा धागा उभ्या धाग्यांच्या एकदा वरून, एकदा खालून नेला तर चौकोन सरकत नाहीत. फार बारीक नायलॉन कोवळ्या खोडात रुततो, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटर जाडीचा मऊ दोर बरा. चौकट कुंडीच्या काठापासून साधारण २० ते ३० सेंटीमीटर वर पायांवर उभी करतात. एकदा फांद्या चौकोनांत गुंतल्या की कुंडी हलवता येत नाही, म्हणून पाणी घालायला, खालची सावलीतली पानं काढायला हात पोचेल अशी जागा आधीच सोडावी लागते. यात महागडं काही नाही. महाग आहे ते रोजचं लक्ष.

शेंडा जाळीच्या वर चार-पाच सेंटीमीटर आला की तो हळूच खाली दाबून शेजारच्या चौकोनाखाली सरकवतात. दुसऱ्या दिवशी पाहावं तर तो पुन्हा मान वर करून उभा. झाडाला डोळे नाहीत, मेंदू नाही. मग वरची बाजू कोणती हे त्याला कोण सांगतं? खोडाच्या काही पेशींत पिठूळ कण असतात. ते पेशीतल्या द्रवापेक्षा जड असल्यानं खोड आडवं होताच काही मिनिटांत नव्या तळाशी जाऊन बसतात. कण कुठल्या बाजूला बसले त्यावरून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खोडाच्या खालच्या बाजूला जास्त जमतं. तिथल्या पेशी वरच्यांपेक्षा जास्त लांबतात आणि खोड वर वळतं. पिठाचे सूक्ष्म कण खाली बसतात आणि त्या बळावर संपूर्ण फांदी उभी राहते!

हेच ऑक्सिन या गोष्टीच्या गाभ्याशी आहे. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९२६ मध्ये ओटच्या कोंबांची टोकं कापून अगरच्या चकत्यांवर ठेवली. नंतर त्या चकतीचा तुकडा शेंडा कापलेल्या कोंबाच्या एका कडेवर ठेवला, तर कोंब वाकला. शेंड्यातून काहीतरी खाली झिरपतं, हे त्यातून दिसलं. पुढे १९३३-३४ च्या सुमारास केनेथ थिमान आणि फोल्के स्कूग यांनी शेंडा खुडलेल्या झाडावर ऑक्सिन लावून पाहिलं. शेंडा नसतानाही बाजूचे डोळे झोपूनच राहिले. म्हणजे शेंडा तिथे आहे असं झाडाला वाटायला एक रेणू पुरत होता.

डोळे, म्हणजे पानाच्या बगलेतले ते इवले कोंब. कुठल्याही रोपाचं पान जिथे खोडाला मिळतं तिथे निरखून पाहा. त्या प्रत्येक बेचक्यात एक संपूर्ण फांदी घडी घालून ठेवलेली असते. शंभर पानांच्या झाडाजवळ शंभर झाडं होण्याची तयारी असते, आणि शेंडा जिवंत असेपर्यंत त्यांतली बहुतेक थांबून राहतात.

थांबवणारं फक्त ऑक्सिन आहे असं अनेक दशकं मानलं गेलं. पण त्यात एक कोडं होतं. शेंड्याकडून आलेलं ऑक्सिन डोळ्यात शिरतच नाही, आणि खोडातून ते तासाला साधारण एक सेंटीमीटर एवढ्या संथ गतीनं उतरतं. शेंडा खुडल्यावर मात्र दूरचे डोळे त्याहून फार लवकर जागे होतात. २००८ मध्ये दोन संशोधकगटांनी दाखवलं, की स्ट्रिगोलॅक्टोन नावाची संप्रेरकंही डोळ्यांना रोखण्यात भाग घेतात. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी वाटाण्याच्या रोपांवर आणखी एक धागा उलगडला: पहिली हाक साखरेची असते. वाढता शेंडा पानांत बनलेली साखर स्वतःकडे ओढून घेतो. खालच्या मजल्यावरचा नळ पूर्ण सोडलेला असला की वर पाणी चढत नाही, तसं डोळ्यांचं होतं. शेंडा गेला की ती साखर बगलेकडे वळते, आणि साखर ऑक्सिनच्या कितीतरी पट वेगानं धावते. शेंडा शाबूत ठेवून रोपाला जादा साखर पुरवली तरीही डोळे फुटले!

जाळीत शेंडा कापलेला नसतो, फक्त आडवा केलेला असतो. तरी डोळे जागे होतात, कारण एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतात. आडव्या फांदीवर वरच्या बाजूचे डोळे सहज वाढतात; गुरुत्वाची दिशा त्यांच्या पथ्यावर पडते. दुसरी गोष्ट उजेडाची. हिरवी पानं लाल प्रकाश शोषून घेतात, पण माणसाच्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतिलाल प्रकाश बराचसा पुढे जाऊ देतात. पानांखालच्या सावलीत म्हणून लाल कमी आणि अतिलाल जास्त असतो. झाडातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे प्रमाण ओळखतं आणि सावलीतल्या डोळ्याला फुटू देत नाही. फांदी आडवी झाली की तोच डोळा उघड्यावर येतो. लाल प्रकाशाचं प्रमाण वाढतं, जवळची पानं तिथल्या तिथे साखर बनवू लागतात आणि थांबलेली फांदी निघते. एका फांदीवरच्या सात-आठ डोळ्यांनी असं एकदम डोकं वर काढलेलं पाहणं विलक्षण असतं.

मग फुलोरा. दिवे रोज अठरा तास चालू असतात तोवर गांजाची बहुतेक वाणं फुलत नाहीत. बारा तास उजेड आणि बारा तास अखंड अंधार मिळाला की फुलू लागतात. या सवयीला विज्ञानाच्या इतिहासात मानाचं स्थान आहे. फ्रान्समध्ये ज्युलिएन तुर्न्वा या तरुण संशोधकानं हॉप आणि गांजा या नात्यातल्या दोन वनस्पतींवर काम करताना पाहिलं, की दिवस लहान ठेवला तर त्या लवकर फुलतात. त्याचं हे काम १९१२ च्या सुमारास प्रसिद्ध झालं. पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तंबाखू, सोयाबीन आणि इतर झाडांवर हाच नियम सविस्तर सिद्ध केला. झाडं रात्र मोजतात हे कळायला सुरुवात झाली त्यात गांजाचा वाटा होता. जाळी वापरणारे दिव्याचे तास कमी केल्यावरही दोनेक आठवडे शेंडे वळवत राहतात, कारण फुलण्याआधी हे झाड झपाट्यानं उंच होतं. त्यानंतर वळवणं थांबवून प्रत्येक शेंड्याला आपापल्या चौकोनातून सरळ वर जाऊ देतात.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला यातलं तत्त्व नवं वाटणार नाही. अख्खा ऊस जमिनीत आडवा पुरला तर मुख्यतः वाढ्याकडचे डोळे फुटतात आणि बुडख्याकडचे मागे राहतात. म्हणून आपण एक, दोन किंवा तीन डोळ्यांची टिपरी तोडून लावतो. प्रत्येक तुकडा वरच्या डोळ्याच्या सत्तेतून सुटतो. तुरीचा शेंडा खुडतात तो फांद्या वाढाव्यात म्हणून. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत वेल मांडवाच्या किंवा इंग्रजी ‘वाय’ आकाराच्या आधाराच्या तारांवर चढवतात, ओलांडा म्हणजे वेलीची मुख्य फांदी आडवी धरतात, वाढत्या फुटीचा शेंडा मारतात आणि बगलफुटींतून काडी तयार करतात. थिमान आणि स्कूग यांनी प्रयोगशाळेत जे मोजलं, ते कितीतरी शतकं माळ्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

आपण झाडाच्या आकाराला त्याचा स्वभाव समजतो. खरं तर तो आकार दर तासाला नव्यानं ठरत असतो: कुठे किती साखर गेली, कुठून ऑक्सिन उतरलं, कुठल्या डोळ्यावर कसला उजेड पडला, पिठाचे कण कुठल्या बाजूला बसले. सुतळी झाडावर जबरदस्ती करत नाही. ती या वाटाघाटीत फक्त दिशेचा एक मुद्दा बदलते आणि उरलेलं सगळं झाड स्वतः करतं.

हे पाहायला गांजाही लागत नाही आणि कॅनडाही. गॅलरीतल्या टोमॅटोची एक कोवळी, लवचीक फांदी संध्याकाळी मऊ दोरीनं आडवी बांधा. सकाळपर्यंत तिचं टोक वर वळलेलं असेल. पुढचे काही दिवस त्या फांदीच्या वरच्या बाजूची बेचकी निरखत राहा. थांबलेल्या फांद्यांपैकी पहिली कोणती निघते ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.