धावताना नडगी का ठणकते?

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर, तर महिलांना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी पहाटे डांबरी रस्त्यावर सराव करणाऱ्यांना नडगीचे दुखणे नवे नाही. बहुतेकदा ते हाडावर व त्याच्या आवरणावर आलेल्या ताणाचे असते आणि पुरेशा विश्रांतीने बरे होते. काहींच्या बाबतीत मात्र एक्स-रे निर्दोष येतो, विश्रांतीत वेदना नाहीशी होते आणि सराव सुरू करताच ठरल्या वेळी पुन्हा हजर होते. अशा वेळी ‘क्रॉनिक कंपार्टमेंट सिंड्रोम’चा विचार करावा लागतो.

गुडघ्याखालील स्नायू चार कप्प्यांत विभागलेले असतात. प्रत्येक कप्प्याभोवती चिवट, फारसे न ताणले जाणारे आवरण असते. व्यायामात रक्तप्रवाह वाढून स्नायूंचे आकारमान सुमारे २० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. आवरण सैल पडत नाही. साहजिकच आतील दाब चढतो. ठराविक अंतर धावल्यावर पाय आवळल्यासारखा होतो, पुढच्या कप्प्यात विकार असल्यास अंगठा व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात बधिरता येते, पाऊल जड होते. थांबल्यावर साधारणतः अर्ध्या तासात सारे ओसरते. त्यामुळे दवाखान्यात पोहोचेपर्यंत रुग्ण धडधाकट दिसतो आणि प्रशिक्षकांकडून कामचुकारपणाचा शिक्का बसतो, तो बहुधा अन्यायाचा असतो.

निदानासाठी स्नायूत सुई घालून व्यायामापूर्वी व नंतर दाब मोजतात. पेडोविट्झ व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दिलेल्या निकषांनुसार विश्रांतीत १५, व्यायामानंतर १ मिनिटाने ३० किंवा ५ मिनिटांनी २० मिलिमीटर पारा वा त्याहून अधिक दाब विकारसूचक ठरतो. हे निकष फार सैल असल्याची टीकाही पुढे झाली.

धावणे कमी करणे, टाचेऐवजी पंजावर उतरण्याची शैली शिकणे यांचा काहींना उपयोग होतो. पूर्वीइतकेच धावायचे असल्यास आवरणाला छेद देऊन कप्पा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया करतात. पुढच्या कप्प्यात तिचे यश चांगले, पोटरीच्या खोल कप्प्यात तितके खात्रीचे नाही.

थांबूनही वेदना वाढतच राहिली व पाय टणक झाला, तर मात्र तो तीव्र प्रकार असू शकतो. स्नायू काही तासांत कायमचे निकामी होण्याची भीती असल्याने सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.