बेडकाच्या कातडीचीं दारें

बेडूक पाणी तोंडानें पीत नाहीं, कातडीनें पितो. ओल्या जमिनीवर पोट टेकून तो बसला कीं मांड्यांलगतच्या पातळ, रक्तवाहिन्यांनीं भरलेल्या कातडींतून पाणी आंत झिरपतें. विहिरीच्या कांठीं निश्चल बसलेलें हें ध्यान आळशी दिसतें खरें. पण त्या वेळीं त्याचें जलपान चाललेलें असणें अगदीं शक्य आहे.

हें पाणी किती यावें हें कातडी आपल्या मतानें ठरवीत नाहीं. तिला रक्तांतून आज्ञा येते. १९२१ सालीं ब्रुन ह्या संशोधकानें मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीच्या मागील भागाचा अर्क बेडकांना टोंचला. पाण्यांत ठेविलेल्या त्या बेडकांचें वजन पाणी शोषून वाढत गेलें. बेडकाच्या स्वतःच्या शरीरांत ही आज्ञा देणारा अंतःस्राव, म्हणजेच हार्मोन, व्हॅसोटोसिन होय. मनुष्यांतील व्हॅसोप्रेसिन हा त्याचा जवळचा आप्त. नऊ कड्यांच्या सांखळींत फरक काय तो एका कडीचा! म्हणूनच बेडकाच्या कातडींत जें दिसलें तें माणसाच्या मूत्रपिंडासही पुष्कळ अंशीं लागू पडलें. दोन्हीकडे पाण्याच्या सूक्ष्म नळ्या पेशींच्या पोटांत दडवून ठेविलेल्या असतात, आणि हार्मोनची आज्ञा होतांच त्या पृष्ठभागावर येऊन बसतात. अशा नळ्यांचें प्रथिन पीटर अ‍ॅग्र ह्यांनीं हुडकून काढलें. त्याबद्दल त्यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या रोग्याच्या शरीरांत व्हॅसोप्रेसिन तयार होत नाहीं, त्याच्या मूत्रपिंडांत ह्या नळ्या वर येत नाहींत. दिवसाकाठीं कित्येक लिटर पाणी लघवीवाटे निघून जातें आणि तहान कांहीं केल्या भागत नाहीं.

मिठाचें दार मात्र निराळें. १९५१ मध्यें कोपनहेगन येथें उसिंग व झेरान ह्यांनीं कातडीचा तुकडा दोन पात्रांच्या मध्यें ताणून बसविला. दोहोंकडे एकच खारें पाणी. तरी सोडियम बाहेरून आंत ओढला जाई आणि त्याचा विद्युत्प्रवाह मोजतां येई. औषधांची करामत येथेंच कळते. अमिलोराइड बाहेरच्या अंगास लावलें कीं हा प्रवाह झपाट्यानें थांबतो. उआबेन मात्र आंतल्या अंगास लावावें लागतें. कारण सोडियम बाहेरच्या छिद्रांतून शिरतो आणि आंतल्या अंगाचा पंप त्याला पुढें ढकलतो. पहिलें औषध छिद्र बुजवितें, दुसरें पंप अडवितें.

हीं दारें बिघडलीं म्हणजे काय होतें, हें कायट्रिड बुरशीनें दाखविलें. १९९९ सालीं नामकरण झालेली ही बुरशी बेडकांच्या कातडींतच वाढते. ऑस्ट्रेलियांतील हिरव्या वृक्षबेडकांवरील २००९ च्या अभ्यासांत आढळलें कीं, रोगट कातडीची क्षार ओढण्याची शक्ति निम्म्याहून अधिक घटते, रक्तांतील सोडियम व पोटॅशियम खालावतात, आणि शेवटीं हृदयच बंद पडतें.