टर्बो पिकअपचा स्पार्क प्लग आणि त्याची फट

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण पेटवणारी ठिणगी ज्या दोन धातूंच्या टोकांमध्ये पडते, त्या टोकांतील अंतर, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला सर्रास ‘गॅप’ म्हणतात ती फट, सहसा एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि टर्बोचार्जर बसवलेल्या इंजिनात ती त्याहूनही कमी ठेवावी लागते. भारतातील बहुतेक मालवाहू पिकअप डिझेलवर चालतात आणि डिझेल केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटत असल्यामुळे त्यांत स्पार्क प्लग नसतोच. अमेरिकेत मात्र पिकअप ही प्रामुख्याने पेट्रोलची गाडी आहे, आणि २०११ सालच्या एफ-१५० या पिकअपमध्ये फोर्ड कंपनीने दोन टर्बोचार्जर असलेले ३.५ लिटरचे, सहा सिलिंडरचे ‘इकोबूस्ट’ इंजिन आणल्यापासून तेथील हजारो मालकांना या बारीक फटीकडे नव्याने लक्ष द्यावे लागले.

टर्बोचार्जर म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या वेगावर फिरणारा पंखा, जो दुसऱ्या बाजूने ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. हवा जितकी दाट तितके अधिक इंधन जाळता येते, आणि म्हणूनच हे सहा सिलिंडरचे इंजिन ३६५ अश्वशक्ती देऊन आठ सिलिंडरच्या इंजिनांशी बरोबरी करू शकले. परंतु दाट हवा ठिणगीच्या वाटेत अडथळाही बनते. वायूमधून वीज उडी मारण्यासाठी लागणारा विद्युतदाब हा वायूचा दाब आणि दोन टोकांतील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरसाठी सुमारे तीन हजार व्होल्ट पुरतात, तर दाबलेल्या मिश्रणात त्याच अंतरासाठी त्याच्या अनेक पट व्होल्ट लागतात. ते पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलची क्षमता मर्यादित असल्यामुळे आणि हवेचा दाब कमी केला तर टर्बोचा हेतूच संपत असल्यामुळे, त्या गुणाकारातील दुसरा घटक, म्हणजे फट, लहान करणे एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

यातूनच झिजलेल्या प्लगचे एक फसवे लक्षण समजते. गाडी उभी असताना इंजिन अगदी सुरळीत चालते, कारण थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने सिलिंडरमध्ये हवा विरळ असते आणि रुंदावलेल्या फटीतूनही ठिणगी सहज पडते; मागे ट्रेलर जोडून चढ चढू लागताच टर्बोचा दाब वाढतो, ठिणगी चुकते आणि गाडी झटके देत ‘मिसिंग’ करू लागते. हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. न जळलेले इंधन धुराबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या धूरशुद्धीच्या यंत्रणेत जाऊन तेथे जळते, आणि प्लगच्या तुलनेत कितीतरी महाग असलेला तो भाग अतिउष्णतेने निकामी होऊ शकतो.

तेव्हा फट शक्य तितकी बारीक ठेवावी, असा निष्कर्ष कोणी काढील, पण तोही चुकीचा ठरेल. फार अरुंद फटीत ठिणगीला मिश्रणाचा पुरेसा स्पर्श होत नाही आणि नुकतीच जन्मलेली ज्योत दोन्ही बाजूंचा थंड धातू शोषून घेतो, परिणामी संथ गतीला इंजिन थरथरते. इकोबूस्ट इंजिनासाठी ०.८ मिलिमीटरच्या आसपासची फट ही या दोन अडचणींमधील तडजोड आहे. नेमका आकडा मात्र त्या त्या वर्षाच्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

प्लग झिजतात याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला हजार ठिणग्या पाडतो, आणि त्या गतीला ताशी १०० किलोमीटर वेग धरल्यास १,६०,००० किलोमीटरमध्ये हा आकडा साडेनऊ कोटींवर जातो. प्रत्येक ठिणगी धातूचे काही कण उडवते व फट हळूहळू रुंदावते. म्हणूनच टोकांसाठी इरिडियम वापरतात, ज्याचा वितळणबिंदू सुमारे २,४४६ अंश सेल्सिअस, म्हणजे निकेलपेक्षा जवळपास हजार अंशांनी अधिक आहे. तरीही सतत भार ओढणाऱ्या गाडीचे प्लग सामान्य वापराच्या गाडीपेक्षा बरेच आधी बदलणे शहाणपणाचे ठरते.

प्रत्यक्ष काम इंजिन पूर्ण थंड असताना करावे, कारण सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते आणि गरम अवस्थेत त्यातील आटे प्लगबरोबर ओरबाडून निघण्याचा धोका असतो. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. तिचा जोड व बोल्ट काढून ती किंचित फिरवत वर ओढावी, आणि प्लग सैल करण्याआधी त्या खोल खड्ड्यात हवेचा झोत मारावा, नाहीतर तेथे साचलेली वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते. काढलेले प्लग क्रमाने मांडून ठेवावेत. फिकट तपकिरी टोक निरोगी ज्वलन सांगते, कोरडी काजळी इंधन जास्त जात असल्याचे सुचवते, तर पांढरे पडलेले, फोड आलेले टोक अतिउष्णतेची खूण असते. वैद्याने जीभ पाहावी तसे जाणते मेकॅनिक ही टोके पाहतात.

नवा प्लग खोक्यातून ‘गॅप सेट करून’ आला असला तरी तो मोजल्याशिवाय बसवू नये, कारण वाहतुकीत बसलेला एक धक्काही बाहेरचे वाकडे टोक हलवायला पुरेसा असतो. मोजण्यासाठी तारेचा गेज वापरावा. नाण्याच्या आकाराचा, कडेने जाड होत जाणारा गेज फटीत दाबून फिरवला तर इरिडियमचे केसासारखे बारीक टोक तुटते. अंतर बदलायचे असेल तर फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड योग्य हत्याराने अलगद वाकवावा आणि मधल्या टोकावर किंवा त्याभोवतीच्या चिनी मातीवर कोणताही जोर येऊ देऊ नये.

बसवताना पहिले आटे हातानेच लागले पाहिजेत, आणि अखेरचा जोर टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिला असेल तेवढाच द्यावा. ही काळजी केवळ आटे वाचवण्यासाठी नसते: प्लगच्या टोकाची उष्णता आट्यांतून व वॉशरमधूनच हेडमध्ये उतरते, त्यामुळे सैल प्लग तापत जातो आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू लागतो, जे टर्बो इंजिनाच्या पिस्टनला अतिशय घातक असते. आट्यांना वंगण लावण्याची जुनी सवयही येथे सोडावी, कारण घर्षण कमी झाल्याने पाना तोच आकडा दाखवत असताना प्लग प्रत्यक्षात अधिक आवळला जातो.

हे सारे महाराष्ट्रातील वाचकालाही आता दूरचे राहिलेले नाही. टर्बो पेट्रोल मोटारी रस्त्यावर वाढल्या आहेत, आणि २०२४ मध्ये टाटा मोटर्सने नेक्सॉनमध्ये टर्बो इंजिनाला सीएनजीची जोड दिली. सीएनजीचे मिश्रण पेटवायला तर पेट्रोलपेक्षा अधिक विद्युतदाब लागतो, त्यामुळे अशा गाडीत फटीची चूक आणखी लवकर उघडी पडते.

काम झाल्यावर गाडी जागेवर सुरू करून समाधान मानू नये, तर भार घालून चढावर चालवून पाहावी. तरीही मिसिंग राहिले, तर संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावे: दोष तिच्याबरोबर सरकला तर कॉइल खराब आहे, आणि जागीच राहिला तर आधी त्या प्लगची फट पुन्हा मोजावी व नंतर इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरकडे वळावे.