सभागृहातील एकटे मत

नगरपालिकेच्या सभासदाकडे जी गाऱ्हाणी येतात ती बहुधा प्रौढांची असतात. नळाला पाणी येत नाही, गटार तुंबले आहे, घरपट्टीची आकारणी वाजवीपेक्षा अधिक झाली आहे, असे अर्ज घेऊन येणारा मनुष्य करदाता असतो, मतदार असतो, आणि चारचौघांत आपले म्हणणे मांडण्याइतके धारिष्ट त्याच्या अंगी असते. परंतु त्याच पेठेत जे मूल शाळेच्या वयाचे असून शाळेत जात नाही, वीटभट्टीवर, हॉटेलात किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरातच दिवस काढते, त्याच्या नावाचा अर्ज कोणत्याही दप्तरात दाखल होत नाही. त्याला मत नाही, त्याच्या हाती कराची पावती नाही, आणि आपल्यावर अन्याय होत आहे याची जाणीव त्याला होते तेव्हा बालपण हातचे गेलेले असते. अशा मुलाचा कैवार घेणारा सभासद पुढच्या निवडणुकीची बेगमी करीत नसतो. त्याला हे काम केवळ कर्तव्यबुद्धीनेच करावे लागते. ते कसे करावे याचा एक उत्तम वस्तुपाठ पुणे नगरपालिकेच्या इतिहासात आहे, आणि तो घालून देणाऱ्या पुरुषाच्या थोर चरित्रातील हा अध्याय मात्र आपण फार घाईने उलटून जातो.

जोतीराव फुले हे मुलींच्या शाळेचे संस्थापक, सत्यशोधक समाजाचे प्रवर्तक आणि ‘गुलामगिरी’ व ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांचे कर्ते म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु १८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ही गोष्ट शाळेतल्या पुस्तकात एका ओळीपलीकडे जात नाही. त्या काळची नगरपालिका आजच्यासारखी लोकांनी निवडून दिलेली नव्हती. सभासदांची नेमणूक सरकार करीत असे, आणि म्हणून सभागृहात बसणाऱ्यांचे लक्ष शहरातील गोरगरिबांपेक्षा कलेक्टर साहेबांच्या मर्जीकडे अधिक असणे स्वाभाविक होते. अशा सभेत एका कंत्राटदाराने आणि बागायतदाराने येऊन बसावे, आणि शहराच्या पैशावर पहिला हक्क मुलांच्या शिक्षणाचा आहे असे पुनःपुन्हा सांगावे, हे सरळ साधे काम नव्हते.

हा आग्रह त्यांच्या ठिकाणी कोठून आला, हे समजून घ्यावयाचे तर तीस वर्षे मागे जावे लागते. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, पुढे सावित्रीबाईंच्या आणि इतर सहकाऱ्यांच्या साह्याने आणखी शाळा काढल्या, महार-मांग मुलांसाठी वेगळ्या शाळा चालविल्या, आणि १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या लोकांसाठी स्वतःच्या घरी रात्रीची शाळा सुरू केली. या शाळांना देणग्या मिळत, दक्षिणा फंडातून दरमहा पंचाहत्तर रुपयांची मदतही होत असे. परंतु १८५७ च्या उठावानंतर देणग्यांचा ओघ आटला, सरकारी आश्रयही कमी झाला, आणि जोतीराव त्या शाळांच्या कारभारातून दूर झाले. या अनुभवाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. एखाद्या सज्जनाच्या औदार्यावर उभारलेली शाळा त्या औदार्याइतकीच टिकाऊ असते. गरिबाच्या मुलाचे शिक्षण टिकावयाचे असेल तर त्याचा खर्च सार्वजनिक खजिन्यातून, दरसाल, हक्काने आणि कोणाच्याही कृपेवाचून झाला पाहिजे. शाळेचे संस्थापक असलेले जोतीराव नगरपालिकेत आले ते या धड्यानिशी, असे मला वाटते. आणि त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचे हे दोन भाग एकमेकांपासून तोडून पाहिले तर दोहोंचाही अर्थ अपुरा राहतो.

सभासद म्हणून त्यांची नेमणूक झाली त्याच सुमारास दख्खनवर १८७६ ते १८७८ चा घोर दुष्काळ ओढवला. विहिरी आटल्या, गुरे गेली, गावेच्या गावे ओस पडू लागली, आणि पोटासाठी देशोधडीला लागलेल्या माणसांच्या मागे असहाय मुले राहिली. सत्यशोधक समाजाच्या वतीने जोतीरावांनी पुण्याजवळ धनकवडीच्या छावणीत ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ उघडला आणि १७ मे १८७७ रोजी मदतीचे जाहीर आवाहन काढले. त्यापूर्वी, १८६३ मध्ये, फसविल्या गेलेल्या विधवांसाठी आणि त्यांच्या पोटी येणाऱ्या अर्भकांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढून, आणि पुढे अशाच एका मातेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेऊन, त्यांनी या प्रश्नाशी स्वतःचे घर जोडलेच होते. कोणत्याही सभासदाने लोकांच्या पैशाविषयी बोलावे ते अशा अधिकाराने. ज्याने स्वतःचा पैसा आणि स्वतःचा उंबरठा आधी मोकळा केला आहे, त्याने शहराकडे मागितलेल्या पैशात स्वार्थाचा वास कोणालाही येत नाही.

त्यांच्या सभासदकीतील सर्वांत बोलका प्रसंग १८८० च्या सुमाराचा आहे. व्हाइसरॉयांची स्वारी पुण्यास येणार होती, आणि त्यांच्या स्वागतासाठी, शहर शृंगारण्यासाठी, नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत असा ठराव सभेपुढे आला. असे ठराव सहसा वादावाचून मंजूर होतात. कारण विरोध करणाऱ्याच्या पदरी राजद्रोहाचा नाही तरी औचित्यभंगाचा ठपका हमखास येतो, आणि बाजूने मत देणाऱ्याचे काहीच जात नाही, कारण पैसा त्याच्या खिशातला नसतो. जोतीरावांनी सांगितले की ही रक्कम पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावी. ठराव मतास टाकला गेला तेव्हा बत्तीस सभासदांपैकी विरोधी मत फक्त त्यांचे पडले.

त्या एक हजार रुपयांची किंमत आज आपल्या ध्यानात सहजी येत नाही, म्हणून ती त्यांच्याच मापाने मोजून पाहावी. प्राथमिक शिक्षकाला दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये, अशी मागणी त्यांनी पुढे दोनच वर्षांनी सरकारकडे केली. त्या हिशेबाने एका शिक्षकाचे वर्षाचे वेतन एकशे चव्वेचाळीस रुपये होते, आणि सात शिक्षकांचे एक हजार आठ. म्हणजे त्या समारंभाच्या कमानी, पताका आणि रोषणाई यांवर पुणे शहराने जो खर्च मंजूर केला, त्यात आठ रुपयांची भर घातली असती तर सात वर्ग वर्षभर चालले असते, आणि त्या वर्गांत बसलेली मुले आयुष्यभर वाचू-लिहू शकली असती. जोतीरावांचे एकटे मत या हिशेबातून पडले होते. त्यात व्हाइसरॉयांचा अधिक्षेप नव्हता; शहराने आपले द्रव्य कोणापुढे वाकून खर्च करावयाचे, अतिथीपुढे की आपल्याच मुलांपुढे, एवढाच प्रश्न त्यात होता.

हीच दृष्टी त्यांनी इतर प्रसंगीही सोडली नाही. शहरात दारूचे गुत्ते वाढत चालले, तेव्हा १८८० च्या जुलैमध्ये त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून त्या दुकानांनी होणाऱ्या संसारांच्या नासाडीकडे लक्ष वेधले. बापाची मजुरी गुत्त्यात जिरली की त्या घरातले मूल शाळेऐवजी कामाला लागते, ही साखळी पेठांत वावरणाऱ्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. पुढे मोठी मंडई बांधण्याची योजना निघाली, तेव्हाही एवढा पैसा आधी शिक्षणाकडे वळवावा असेच त्यांचे मत होते. ती मंडई झाली. १८८६ मध्ये तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले, आणि आज ती महात्मा फुले मंडई या नावाने ओळखली जाते. बाजार, रस्ते, दिवे हे शहराला नको होते असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांची गरज सर्वांना दिसते आणि मुलाच्या शिक्षणाची गरज कोणालाही दिसत नाही, म्हणून दुसरीचे वकीलपत्र घेणारा कोणीतरी सभागृहात असावाच लागतो.

या सहा वर्षांचे सार ज्या एका कागदात उतरले आहे तो म्हणजे १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगास त्यांनी सादर केलेले निवेदन. १९ ऑक्टोबर १८८२ अशी तारीख घातलेल्या या निवेदनाखाली सही करताना त्यांनी आपली ओळख दिली आहे ती व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद, राहणार जुना गंज पेठ, अशी. निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे असे मागितले. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि तिचा लाभ मात्र उच्च शिक्षण घेणाऱ्या मूठभर वर्गाला होतो, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. खेड्यातील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, नांगराचा रुमणा किंवा सुताराची तासणी हाती धरण्याची लाज त्यांना वाटू नये. मोठ्या गावी त्यांचे वेतन पंधरा-वीस रुपयांपर्यंत असावे, आणि गावचे हिशेबनीस, दस्तऐवजांचे नोंदणीकार, पोस्टमास्तर किंवा स्टँप विक्रेते म्हणून काम देऊन त्यांना जादा भत्ता मिळावा, म्हणजे गावात त्यांचा मान राहील, इतक्या बारकाव्याने त्यांनी विचार केला होता. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांच्या जोडीने शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे असावेत, असे त्यांनी सुचविले. महार-मांगांच्या मुलांना जातिभेदामुळे चालू शाळांतून व्यवहारात प्रवेशच मिळत नाही, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले.

तरुणांनाही ते विसरले नाहीत. चालू शिक्षणातून कारकून आणि मास्तर तेवढे निघतात, स्वतंत्र उपजीविका करण्याचे सामर्थ्य येत नाही, ही त्यांची तक्रार होती. आणि ज्यांना कॉलेजचा खर्च झेपत नाही त्यांनी घरी अभ्यास करून विद्यापीठाच्या परीक्षा द्याव्यात, अशी सोय असावी, असे त्यांनी मागितले. सत्यशोधक समाजाने विद्यार्थ्यांसाठी निबंध व वक्तृत्वाच्या स्पर्धा भरवून बक्षिसे दिली, त्यामागेही हीच ओढ होती.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने या निवेदनातील सर्वांत महत्त्वाचा भाग नगरपालिकांविषयीचा आहे. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा संपूर्ण खर्च नगरपालिकांनी उचलावा आणि त्या शाळांवरील देखरेख मात्र शिक्षणखात्याकडे असावी, असे त्यांनी सुचविले. ज्या संस्थेचे ते स्वतः सभासद होते तिच्यावरच हा बोजा टाकावा असे त्यांनी सरकारला सांगितले, आणि त्याच वेळी त्या संस्थेच्या हाती शाळांची देखरेख राहू नये असेही बजावले. आपल्या संस्थेचा अभिमान बाळगूनही तिची दुर्बलता न झाकण्याचा हा प्रामाणिकपणा सार्वजनिक जीवनात दुर्मिळ आहे. सहा वर्षे ठराव मंजूर-नामंजूर होताना पाहिलेल्या माणसाला पैसा कोठून येतो आणि कोठे गळतो हे नीट ठाऊक होते.

आयोगाने सक्तीची मागणी मान्य केली नाही. मात्र प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्याकडे सोपवावी, अशी शिफारस आपल्या १८८३ च्या अहवालात केली. पुढे पुणे नगरपालिकेचेच अध्यक्षपद भूषविलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. आपल्या हद्दीत सक्ती लागू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा केला, आणि १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना असा अधिकार मिळाला. जुना गंज पेठेतील सभासदाने जे मागितले होते ते अंशतः तरी कायद्याच्या पुस्तकात येण्यास छत्तीस वर्षे लागली. आणि ते मुलाचा मूलभूत हक्क ठरण्यास २००२ ची घटनादुरुस्ती व २००९ चा शिक्षणहक्क कायदा यावा लागला.

हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे, आणि त्याने स्थानिक संस्थांवर जी कर्तव्ये सोपविली आहेत ती प्रत्येक नगरसेवकाने एकदा तरी शांतपणे वाचावीत. चौदा वर्षांपर्यंतच्या आपल्या हद्दीतील मुलांची नोंद ठेवणे, प्रत्येक मूल शाळेत दाखल होते, हजर राहते आणि शिक्षण पुरे करते यावर लक्ष ठेवणे, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे, ही कामे कायद्याने स्थानिक संस्थेची आहेत. मुलाच्या हक्काविषयी कोणाचीही लेखी तक्रार आली तर तिचा निकाल स्थानिक संस्थेने तीन महिन्यांच्या आत द्यावयाचा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांबरोबर स्थानिक संस्थेच्या लोकप्रतिनिधीचीही जागा आहे. जोतीरावांना जे विनवून मागावे लागले ते आजच्या नगरसेवकाच्या हाती अधिकार म्हणून आले आहे. ऊसतोडीवरून परतलेल्या किंवा बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबाच्या दारी जाऊन मुलाचे नाव पटावर चढविण्यासाठी त्याला आता कोणत्याही सभेत एकट्याने उभे राहावे लागत नाही.

म्हणून मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तुमच्या वॉर्डात शाळेबाहेर असलेली मुले किती आणि ती कोणाची, असे आपण विचारावे. जो निवडून आला असेल त्याच्या पाच वर्षांच्या कारभाराची परीक्षा त्याने उभारलेल्या कमानींवरून आणि कोनशिलांवरून न करता अंदाजपत्रक उघडून करावी: शाळेच्या दुरुस्तीची, शिक्षकांच्या रिकाम्या जागांची, मुलींच्या स्वच्छतागृहांची, खेळाच्या मैदानाची आणि अभ्यासिकेची तरतूद खर्ची पडली की तशीच परत गेली, आणि ती कापली गेली तेव्हा या गृहस्थाने विरोधी मत नोंदविले की नाही. अशी विचारपूस करणारे मतदार ज्या पेठेत असतील तेथील मुलांचा कैवार घेणारा सभासद बत्तीस जणांत एकटा राहणार नाही. आणि जोतीरावांच्या त्या मताचे ऋण पुणे शहराने, व त्यांचे नाव घेणाऱ्या सर्व महाराष्ट्राने, फेडावयाचे ते याच रीतीने.