चेंडू जातो उजवीकडे, दुखते कंबर

पुण्यातील एक निवृत्त लष्करी अधिकारी, वय ५८. नोकरीत असताना अधूनमधून खेळलेला गोल्फ निवृत्तीनंतर आठवड्यातून चार दिवसांवर गेला. वर्षभरात दोन तक्रारी सुरू झाल्या. ड्रायव्हरने मारलेला चेंडू हवेत उजवीकडे वळून झाडीत जाऊ लागला, आणि खेळून घरी आल्यावर कंबर उजव्या बाजूला धरू लागली. चेंडूसाठी त्यांनी नवा महागडा ड्रायव्हर घेतला. कंबरेसाठी पट्टा आणला आणि खेळायला निघण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय लावून घेतली. एमआरआयमध्ये वयानुसार दिसणारी चकतीची झीज होती, त्यापलीकडे काही नाही. शेवटी त्यांची बॅग वाहणारा कॅडीच एकदा म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही जितकं डावीकडे बघून मारता, तितका बॉल उजवीकडे जातोय.’’

त्या एका वाक्यात दोन्ही तक्रारींचे मूळ होते.

चेंडू का वळतो?

गोल्फचा चेंडू आणि क्लब यांचा संपर्क सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्या वेळात दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात : क्लबचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि क्लब कोणत्या मार्गाने येतो आहे. चेंडू सुटतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने. तोंड आणि मार्ग यांच्यात कोन असेल तर चेंडू तिरक्या अक्षाभोवती फिरू लागतो आणि हवेत वळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून स्वतःकडे ओढला गेला आणि तोंड त्या मार्गाच्या तुलनेत उघडे राहिले, की चेंडू उजवीकडे वळतो. यालाच स्लाइस म्हणतात.

चेंडू उजवीकडे जातो म्हणून खेळाडू नकळत डावीकडे तोंड करून उभा राहतो. त्यामुळे क्लबचा मार्ग आणखी बाहेरून आत होतो आणि चेंडू आणखी वळतो. चुकीवर केलेला उपायच चूक वाढवतो.

कंबरेवर भार का येतो?

कमरेच्या पाच मणक्यांची रचना वाकण्यासाठी आहे, पिळण्यासाठी नाही. त्यांच्यातील प्रत्येक सांधा गोल फिरतो तो जेमतेम एक-दोन अंश. छातीमागचे बारा मणके मिळून ३० ते ३५ अंश फिरतात. बाकीचे फिरणे खुब्याच्या सांध्यांनी द्यायचे असते. चांगल्या स्विंगमध्ये खाली येताना हालचाल जमिनीपासून वर चढते : आधी वजन डाव्या पायावर, मग खुबे, मग छाती, मग हात आणि शेवटी क्लब.

बाहेरून आत येणाऱ्या स्विंगमध्ये बहुतेक वेळा हा क्रम उलटतो. खांदे आधी झेपावतात, खुबे मागे राहतात. धड उजवीकडे झुकलेले असतानाच जोराने पिळले जाते. पूर्ण जोराच्या स्विंगमध्ये कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येऊ शकतो, असे मोजमापांत आढळले आहे. हा भार सकाळी शंभर वेळा एकाच बाजूच्या लहान सांध्यांवर पडला, तर ती बाजू दुखणारच.

दिवसाचे आठ तास खुर्चीवर बसणाऱ्यांचे खुबे आखडलेले असतात. ते फिरले नाहीत, तर त्यांच्या वाट्याचे फिरणे कमरेकडून वसूल होते. घरी एक साधी तपासणी करता येते. उंच खुर्चीवर गुडघे काटकोनात ठेवून बसावे आणि मांडी न हलवता एकेक पाऊल बाहेरच्या बाजूला न्यावे. खुबा आतल्या बाजूस किती फिरतो, ते यातून कळते. डावी बाजू उजवीपेक्षा बरीच कमी फिरत असेल, तर स्विंग सुधारण्याआधी खुबा मोकळा करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

कळते, पण वळत का नाही?

चूक समजली तरी सुधारत नाही, कारण क्लब वरून चेंडूपर्यंत साधारण पाव सेकंदात येतो. डोळ्यांनी पाहून स्नायूंना नवा हुकूम द्यायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. म्हणजे स्विंग सुरू झाल्यावर सुधारणा अशक्यच. हालचालीचा आराखडा मेंदूत आधीच तयार असतो. लहान मेंदू आणि मेंदूच्या गाभ्यातील केंद्रांनी तो हजारो आवर्तनांतून पक्का केलेला असतो. जुना आराखडा पुसला जात नाही. त्याच्या शेजारी नवा तयार करून तो अधिक बळकट करावा लागतो. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे खेळ बिघडल्यासारखा वाटतो आणि सामन्याच्या ताणात जुनी सवय परतते. तेव्हा धीर सोडू नये.

आणखी एक गोष्ट उपयोगी आहे. १९९९ मध्ये गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी गोल्फ शिकणाऱ्यांवर प्रयोग केला. हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणारे अधिक अचूक शिकले. म्हणून ‘कोपर आत घ्या’ या सूचनेपेक्षा ‘खोक्याला लागू देऊ नका’ ही सूचना चांगली.

तीन सराव (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी)

१. खोके : चपलांचे रिकामे, मऊ खोके चेंडूच्या पलीकडच्या बाजूला चार बोटे अंतरावर आणि किंचित उजवीकडे ठेवा. अर्ध्या जोराने मारा. क्लब बाहेरून आला तर खोके उडेल. चूक लगेच कळते, कोणी सांगावी लागत नाही.

२. उजवा पाय मागे : नेहमीसारखे उभे राहून उजवे पाऊल अर्धे पाऊल मागे घ्या आणि टाच उचललेली ठेवा. आता अर्धा स्विंग करा. खांद्यांना बाहेर झेपावणे अवघड जाते आणि क्लब आतल्या बाजूने येतो.

३. अर्ध्यावर थांबा : क्लब वर नेऊन डाव्या पायावर दाब देत हात फक्त कंबरेच्या उंचीपर्यंत हळूच खाली आणा, पुन्हा वर न्या. असे तीनदा करून चौथ्या वेळी चेंडू मारा.

प्रत्येक सराव आधी चेंडूविना दहा वेळा, अगदी सावकाश करावा. मग लहान क्लबने, आणि ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. एकच फटका पन्नासदा मारण्यापेक्षा सराव, क्लब आणि लक्ष्य बदलत राहावे. अशा मिश्र सरावात त्या दिवशी प्रगती कमी दिसते, पण शिकलेले जास्त टिकते. रोज वीस मिनिटे पुरेत. त्याआधी दहा मिनिटे झपझप चालून अंग गरम करावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

खेळण्यापूर्वी गोळी घेऊन दुखणे दाबू नये. इजेची सूचना बंद होते, शिवाय उतारवयात या गोळ्या मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाबावर परिणाम करतात. पायात मुंग्या, बधिरता किंवा अशक्तपणा, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप वा वजन घटणे असेल, तर आधी तपासणी करावी. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नवशिक्याच्या डाव्या बरगडीमागे दुखू लागले, तर बरगडीला बारीक चीर असू शकते. क्लब जमिनीवर आदळल्यानंतर डाव्या तळहातात करंगळीच्या बाजूला दुखत राहिले, तर तिथल्या छोट्या हाडाचा अस्थिभंग असू शकतो. तो साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, हे डॉक्टरांना आठवण करून द्यावे.

टायगर वूड्सवर २०१४ ते २०१७ या काळात पाठीच्या अनेक शस्त्रक्रिया झाल्या, शेवटी दोन मणके जोडावे लागले. २०१९ मध्ये त्याने पुन्हा मास्टर्स स्पर्धा जिंकली. पण त्याच्यामागे जगातील उत्तम शल्यविशारद आणि प्रशिक्षक होते. हौशी खेळाडूने तिथवर वेळ येऊ न देणे शहाणपणाचे.

पुण्यातील त्या गृहस्थांनी दोन महिने ड्रायव्हर घरी ठेवला. खुब्याचे व्यायाम केले, रोज वीस मिनिटे खोक्याशी झुंज दिली आणि आठवड्याला चारऐवजी दोनच दिवस मैदानावर गेले. पहिल्या आठवड्यात तीन खोकी फाटली. तिसऱ्या महिन्यात गोळी सुटली, पट्टाही सुटला. चेंडू अजूनही अधूनमधून उजवीकडे जातो, विशेषतः पैज लागली की. पण १८ होल चालून आल्यावर ते आता वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडतात.