बाळ बोट दाखवतं का? (एपिसोडची लेखी आवृत्ती)

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा लेखी भाग. विषय आहे स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आणि तोही दीड-दोन वर्षांच्या मुलांमधला. तुम्ही आईबाबा नसाल, पण कुणाचे तरी काका, मामा, मावशी, आत्या तर आहातच ना?

मूल बोलत नाही म्हटलं की घरातलं ठरलेलं उत्तर येतं, "मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही तसाच होता." पण डॉक्टर नुसते शब्द मोजत नाहीत, बोट बघतात. बिस्किटाच्या डब्याकडे बोट म्हणजे 'मला दे'. आकाशात विमान दिसलं की बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघणं म्हणजे 'तू पण बघ ना!' हे दुसरं बोट जास्त महत्त्वाचं, कारण त्यात मागणं काहीच नसतं. दीड वर्षापर्यंत ते दिसलं नाही, वर्ष उलटूनही नावाने हाक मारल्यावर मूल वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले, तर वाट बघत बसू नका.

एम-चॅट-आर नावाची २० प्रश्नांची चाचणी आहे, १६ ते ३० महिन्यांसाठी. उत्तरं पालकांनी द्यायची. ३ ते ७ गुण आले तर डॉक्टर पुन्हा खोदून विचारतात, ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे. आमच्या भाषेत सांगायचं तर हा फक्त अलर्ट आहे, बग सापडलाय असं नाही. (आणि मूल म्हणजे बग नव्हे, हेही सांगून टाकतो.) २०१४ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दोन्ही पायऱ्यांनंतर अलर्ट आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनाच ऑटिझम निघाला. मात्र बहुतेकांना विकासातली कुठली ना कुठली अडचण होतीच. म्हणजे तपासणी फुकट जात नाही.

निदानासाठी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नाही. तज्ज्ञ मुलाला खेळताना बघतात, घरच्यांना विचारतात. आधी कानांची तपासणी मात्र हवीच, ऐकू येत नसेल तरी मूल वळत नाही. सरकारी सोय हवी असेल तर जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी' केंद्राची चौकशी करा. जाताना मोबाईलवर मुलाचे घरातले दोन-चार व्हिडिओ घेऊन जा, कारण अनोळखी खोलीत मूल नेहमीसारखं वागेलच असं नाही.