फुफाटा आणि गाडीचं नाक

हिवाळ्यात नंदुरबारच्या मिरची पथारीवर गेलात, तर एकही चेहरा पुरता दिसत नाही. समोर लाल मिरचीचा गालिचा आणि नाकातोंडाला फडकं बांधून काम करणाऱ्या बाया. फडकं जाड की पातळ, याला फारसं महत्त्व नाही. ते कडेने सैल राहता कामा नये. फट राहिली की ठसका ठरलेला!

पथारीबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलला हीच गोष्ट लागू पडते.

शहरात ‘ऑफ-रोड’ म्हणून वेगळ्या, महागड्या गाड्या मिळतात. सातपुड्यात ते काम शंभर सीसीची साधी गाडीच करते. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावकडे निघा आणि एखाद्या पाड्याच्या कच्च्या वाटेला लागा. पुढे जीप असली की वाटेवरचा घोट्याएवढा फुफाटा उडतो आणि गाडी तोच श्वासात घेते. किती? एक लिटर पेट्रोल म्हणजे साधारण पाऊण किलो. ते नीट जळायला त्याच्या १४.७ पट वजनाची, म्हणजे जवळपास ११ किलो हवा लागते. आकारमानात ती सुमारे ९ हजार लिटर भरते. दोनशे लिटरची पंचेचाळीस पिंपं हवा, तीही फुफाट्याची!

ही धूळ दिसते पिठासारखी, पण सातपुड्याचा काळा पाषाण बेसाल्टचा आहे आणि त्यातलं फेल्डस्पार हे खनिज चाकूच्या पात्यावर ओरखडा काढू शकतं. तापीच्या वाळूतलं क्वार्ट्झ त्याहून कठीण. पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, तो जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज यावा. या थराएवढे बारीक कण सर्वांत घातक. ते रिंगसोबत वरखाली होत सिलिंडर घासत राहतात.

एअर फिल्टर हे कण अडवतो, पण पिठाच्या चाळणीसारखा नाही. त्याची छिद्रं अनेक कणांपेक्षा मोठी असतात. हवा धाग्यांना वळसा घालून पुढे जाते. जड कणाला ते वळण घेता येत नाही, तो धाग्यावर आदळून चिकटतो. जवळून जाणारे काही कण धाग्याला घासून अडकतात. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि कुठेतरी टेकतात. आपल्या नाकात केस आणि शेंबूड मिळून हेच काम करतात. म्हणून तर फोमच्या फिल्टरला तेल लावायचं. कोरडा फोम बारीक धूळ सहज आत सोडतो.

यातून एक गंमत घडते. अडकलेली धूळच नव्या धुळीला अडवू लागते, त्यामुळे थोडा मळलेला कागदी फिल्टर कोऱ्यापेक्षा चांगला गाळतो. मात्र थर फार वाढला की हवा कमी पडते. कार्बुरेटरच्या गाडीत मग पेट्रोलचं प्रमाण वाढतं, प्लग काळा पडतो, अ‍ॅव्हरेज घसरतो. इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवेच्या हिशेबाने पेट्रोल कमी करतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मोटारींवर केलेल्या चाचण्यांत फिल्टर तुंबल्यावर नव्या इंजिनांचा अ‍ॅव्हरेज जवळपास तसाच राहिला, पिकअप तेवढा मंदावला. तोरणमाळच्या चढावर, जिथे हवा आधीच सुमारे एक दशांश विरळ, हे लगेच जाणवतं.

देखभाल फिल्टरची जात पाहून करावी. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून तळहातांत दाबावा. पिळू नये, फाटतो. पेट्रोल वापरू नये. त्याने जोडाचा डिंक सुटतो, आगीची भीती वेगळीच. सावलीत पूर्ण वाळला की फिल्टरचं तेल सगळीकडे सारखं मुरवावं, जास्तीचं दाबून काढावं. तोवर इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवावं. काही गाड्यांत कंपनीनेच चिकट तेल लावलेला कागद असतो. तो धुवायचा नाही, त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, सरळ बदलायचा. पुस्तिकेत दिलेले किलोमीटर डांबरी रस्त्याचे समजावेत. फुफाट्यात त्याच्या बऱ्याच आधी फिल्टर पाहावा.

बसवताना कडेची रबरी पट्टी मात्र बोट फिरवून तपासावी. तुंबलेला फिल्टर ताकद खातो, कधी पेट्रोलही. पण तो साफ केला की भागतं. कडेने फट राहिलेला फिल्टर इंजिनच खातो. आणि फट असली की गाडी उलट हलकी पळते, त्यामुळे मालक खूश असतो. माणसाला ठसका लागतो, इंजिनाला लागत नाही. ते मुकाट झिजतं, मग तेल खाऊ लागतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. तेव्हा फिल्टर बदलून उपयोग नसतो. मिस्त्री ब्लॉक-पिस्टनचा खर्च सांगतो.

म्हणून पुढच्या वेळी फिल्टर काढलात, तर त्याच्या पलीकडच्या, इंजिनाकडच्या नळीत बोट फिरवून पाहा. फिल्टर कितीही काळा असू दे, हे बोट कोरं निघालं पाहिजे.